चाचणीतली खरी नोंद

जबाब देणार: मयताची धाकटी बहीण, वय ३८, धंदा संगणक सर्व्हर उभारणी, राहणार मयत मोठ्या भावाच्याच घरी, वरचा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी भाऊ व वहिनी यांच्यासोबत एकत्र राहते. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. सोमवारी सकाळी तो कामावर निघाला आणि नदीवरचा पूल कोसळला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

त्याच दुपारी मला मदत केंद्रात बोलावलं. बेपत्ता माणसं आणि रुग्णालयांत आलेले अनोळखी जखमी यांची माहिती एका जागी ठेवून जुळवायची होती. मी कोऱ्या सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली टाकली, त्यावर डेटाबेस बसवला, वीज जाऊन आली तरी तो आपोआप सुरू होईल असं केलं. आत दोन तक्ते केले, ‘बेपत्ता’ आणि ‘सापडलेले’. दोन्हींकडचं अंदाजे वय आणि खूण जुळली की पडद्यावर सूचना येणार होती.

चालतंय का ते बघायला काही खोट्या नोंदी टाकल्या. त्यांच्या आधी एक खरी टाकली. पुरुष, वय सेहेचाळीस, डाव्या करंगळीचं टोक नाही. ही माझ्या भावाची आहे असं मी कोणाला बोलले नाही. तिथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी होतं. मग सगळ्याचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतला आणि मोठ्या रुग्णालयातला संगणक जोडायला गेले.

माझ्यामागे सोबतच्या सहकाऱ्याने, केंद्र लोकांसाठी खुलं करण्याआधी, चाचणीच्या समजून सगळ्या नोंदी पुसल्या. आमच्यात तशी पद्धतच आहे.

वहिनी रोज विचारायची, "काही कळलं का गं?" मी सांगायचे, "नाव घातलंय, वहिनी. सापडला की आधी आपल्यालाच कळेल."

गुरुवारी, बॅकअप नीट परत येतो का हे तपासायला, मी ती जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर चढवली आणि सापडलेल्यांची ताजी यादी तिला जोडली. लगेच एक नोंद जुळली. नदीपलीकडच्या छोट्या दवाखान्यातली, मंगळवारी भरलेली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा चालवून पाहिलं.

सहकारी मागे उभा होता. म्हणाला, "ताई, ही तर चाचणीची..."

मी म्हटलं, "गाडी काढ."

दुसऱ्या पुलावरून वळसा घालून पोचलो तेव्हा खाट रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "पहाटे गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. पण एकटे नव्हते, मी हात धरून बसले होते." मी करंगळीवरून ओळख पटवली. चेहराही त्याचाच होता.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सहकारी बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही, त्याला जास्त थांबवून ठेवू नये.

वहिनीला फोनवर ‘येतेय’ एवढंच बोलले आहे. तिने जेवायला किती जण, असं विचारलं.

हा मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, आणि खरा आहे.