वेळेवर आलेला तारा

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या — शेजारी बायको बसलीय! आपली चूक आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. पुढेही कळायची नाही. मग ती गिळून टाकली, तर बिघडलं काय? ... बघा, लगेच माना खाली गेल्या!

तर मनमाडची एक मुलगी, वृषाली धोंगडे. वडील भिवाजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पोरगी विद्यापीठात खगोलशास्त्र शिकायला गेली. गावानं काय विचारावं? "आमच्या बंड्याला मंगळ आहे, काही तोडगा?" अहो, ती मंगळ बघायला गेली होती, उतरवायला नव्हे!

एम.एस्सी. संपत आली. पुढे पीएच.डी.ची मुलाखत, जागा एकच. वडिलांशी ठरलेलं — जागा मिळाली तर तारे, नाही तर बी.एड. करून शाळेत नोकरी. आणि वृषालीला तारेच हवे होते, दुसरं काही म्हणजे काही नको होतं!

तिच्या हाती घबाडच लागलेलं. एक जोडतारा — दोघे एकमेकांभोवती फिरतात, दर पाच तास वीस मिनिटांनी एक दुसऱ्याच्या आड जातो, उजेड कमी होतो. जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर स्वारी दहा मिनिटं उशिरा! म्हणजे तिथं काहीतरी नवीन घडतंय! तिला मार्गदर्शन करणारे सर म्हणाले, "जागा तुझीच."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती प्रबंधासाठी आभाराची नावं लिहीत बसली. दुर्बिणीचा घुमट उघडणाऱ्या शिवदासकाकांचं आडनाव बघायला त्यांची वही उघडली. काकांनी लिहिलेलं — 'संध्याकाळी आठ वाजता घुमट उघडला.' सहज तिनं संगणकात त्या दिवशीचा पहिला फोटो शोधून बघितला. वेळ — आठ वाजून पाच मिनिटं. पोरगी खुर्चीतून ताडकन उठली!

का? अहो, जगभरचे खगोलवाले एकच घड्याळ पाळतात — ग्रिनिचचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे फोटोवर दुपारी अडीचच्या पुढची वेळ हवी होती! संगणक आपल्या घड्याळावर लावलेला, हिनं तो ग्रिनिचचा धरला. साडेपाच तासांची चूक! त्यातून ताऱ्याची पाच तास वीस मिनिटांची एक खेप वजा करा — अख्खी खेप सरकली तर फरक दिसतच नाही. उरली किती? बरोबर — दहा मिनिटं!

तिनं वडिलांना फोन लावला, सगळं सांगितलं, रडली. भिवाजी म्हणाले, "आमच्यात सूर चुकला की ढोलवाला जोरात वाजवून झाकून घेतो, बाई. तुमच्यात ढोल असतो का?"

"नाही, बाबा."

"मग सांगून मोकळी हो."

दुसऱ्या दिवशी तीन परीक्षकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा निष्कर्ष चुकलाय." कशी चूक झाली तेही फळ्यावर मांडलं. मधल्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, "हे आम्हाला कळलं नसतं. मग का सांगितलंत?"

"बाई, तारा वेळेवर येतोय. मीच त्याच्यावर आळ घेतला होता."

मग काय, टाळ्या? जागा? छे! यादी लागली, तिचं नाव नाही. हे कीर्तन आहे म्हणून मी खोटं सांगू?

तिनं वडिलांना सांगितलं, "बी.एड. नाही करणार. शिकवण्या घेईन, एक वर्ष थांबेन, पण हेच करेन." भिवाजी म्हणाले, "थांब."

वर्षभर शिकवण्या घेतल्या, घड्याळ नीट लावलं, तोच तारा नव्यानं मोजला. पुन्हा त्याच बाईंसमोर! "काय सापडलं?" "काही नाही. तारा वेळेवर आहे." बाईंनी तिथल्या तिथं तिच्या प्रवेशावर सही केली. आज वृषाली त्याच विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवते!

आता तुमचं बघू. आपलंच घड्याळ चुकलेलं असताना कुणाला तरी चुकीचं ठरवून बसलायत ना — भावाला, सुनेला, जुन्या मित्राला? आणि चूक आपली होती, हे कळूनही वर्षं झाली! हात जोडायला देवळात आलात. अहो, देव कुठं पळतोय! आधी त्या माणसाच्या दारात जा.