रानात डुकरं एकूण किती?

आता वास येते त्याले मी काय करू? तीनदा आंघोळ केली, लिंबू घासला, तरी बायको म्हणते, "बाहेर बसून जेवा!" तुमाले सांगतो, मी खुशाल, कुरखेड्याकडच्या जंगलातला वनमजूर. अठरा दिवसांआधी नाल्यात नऊ रानडुकरं मेलेली दिसली... फुगलेली, माशा घोंगावून राह्यल्या, नाकातून रगत... थूः! साहेबाले फोन केला. साहेब म्हणे, "हात लावू नको, हलवू नको, गावात कोणाले सांगू नको. रोग असला तं साऱ्या जगाले कळवा लागते, परदेशातल्या हापिसात!" जगाले कळवा, पण शेजाऱ्याले सांगू नका... हे कोणतं शास्त्र जी? अन् वास येऊनच राह्यला!

मंग साहेबाच्या हापिसातल्या कॉम्प्युटरवरचा विक्की. "खुशालभाऊ, मेले किती?" नऊ. "बिमार किती?" अरे, मेले ते आधी बिमारच होते ना! "ते राहू द्या. रानात डुकरं एकूण किती?" एकूण?? रानात हाजरी घेऊ का आता? "तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकतच नाई, भाऊ!" म्हटलं, लिही दोनशे. म्हणे, "अंदाजे नाई चालत, मोजून आणा." निंघालो! एक मोजलं का पळे, दुसऱ्या झुडपातून तेच निंघे का दुसरं, कोण सांगन? सात दिवस मोजून राह्यलो, अन् नाल्यातली नऊ तिथीच सडून राह्यली... वास येऊनच राह्यला!

त्यातच शेजारची सोमारीबाई. लेकीच्या लग्नाच्या जेवणासाठी तीन डुकरं पाळली तिनं. "खुशालभाऊ, वास कायचा? माह्ये डुकरं नाल्याकडंच जाते, बांधून ठेवू का?" जिभेवर आलं होतं जी, बांध बाई, आजच बांध! पण साहेबाचा हुकूम... मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ द्या, बाई." लाज वाटते सांगाले. मलेच माह्यी किळस येते.

रानाचा फॉर्म अजून अडूनच हाय. काल विक्की लॅपटॉप घेऊन गावात आला, दुसरा फॉर्म उघडला, पाळीव डुकरांचा. सोमारीबाईच्या अंगणातच बसला. "एकूण किती?" तीन. "बिमार?" तीन. "मेले?"... सोमारीबाईनंच सांगितलं, "तीन."

एकही रकाना खाली नाई... हा फॉर्म एका झटक्यात गेला जी!