उंचीचं बटण

—लिहा, लिहा, मागचा डावा दरवाजा, रंग पुन्हा मारलेला. ते जाडी मोजायचं यंत्र टेकवलंत तरी ते हेच सांगणार, मग मीच सांगितलं तर काय बिघडलं? हा समोरचा खांब. बघा, त्याच्या अंगावर अजून निळी रेघ आहे – दरवाज्याला रंग मारून घेतला, खांबाला कोण मारणार? गाडी घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी. आणि मॅडम, असं दचकून बघू नका माझ्याकडे, मालकच दोष मोजून देतोय म्हणून. बत्तीस वर्षं मी हेच काम केलं. जुन्या गाड्यांची किंमत लावायची. तुमच्यासारखी ही काचेची, बोटानं चालणारी पाटी नव्हती हातात, एक वही, एक टॉर्च आणि हे बोट. आमच्याकडे रीत होती, दोष मोठ्यानं बोलायचे. मालक बाजूला उभा असतो, आपण त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, गाडीभोवती फिरायचं आणि कारकुनाला सांगत सुटायचं – पुढची काच, खडा लागलेला. स्टेअरिंगचं कातडं, चकाकी आलेली. सीटखाली ओलसर वास. दर दोषागणिक मालकाचे खांदे खाली यायचे. एक चक्कर पुरी होईस्तोवर तो मनातल्या मनात निम्म्या किमतीवर आलेला असायचा, मला काही बोलावंच लागायचं नाही. म्हणून मला सगळे निम्मेसाहेब म्हणायचे. ऑफिसात म्हणायचे, मग घरीही म्हणायला लागले. आमची हीसुद्धा. पाहुण्यांसमोर म्हणायची, यांना चहा कसा झालाय ते विचारू नका हो, अर्धाच चांगला सांगतील.

तुम्ही किती वर्षं करताय हे? पाच? बरं. आमच्या वेळी या कामात बायका नव्हत्या. असायला हव्या होत्या – बाईनं दोष सांगितला की मालक भांडत नाही, मी पाहिलंय आता तुम्हाला बघून, मीच भांडत नाहीये. टायर बघा. नाही, नक्षी नका बघू, नक्षी उत्तम आहे, त्यावरच फसतात लोक. कडेला आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते बघा. दिसलं? झिजलेले नाहीत, म्हातारे झालेत. चारही बदलावे लागतील, आणि या मापाच्या चार टायरांत एक लहान जुनी गाडी येते. हेच तर आहे या मोठ्या गाड्यांचं. समजा शंभराला घेतली. शोरूमच्या दारातून बाहेर काढली, पंचाऐंशी. का? काही नाही, आता ती कुणाचीतरी आहे म्हणून. तिसऱ्या वर्षी कंपनीची हमी संपते आणि त्याच वर्षी कंपनी तिचाच नवा चेहरा काढते, दिवे जरा बारीक, जाळी जरा मोठी, झालं – जुनी ती जुनी. आणि जितकी लोकांना आवडलेली, तितकी जास्त पडते. ऐकायला उलटं वाटतं ना? पण बघा, सगळ्यांनी एकाच वर्षी हौसेनं घेतली, म्हणजे सगळे एकाच वर्षी विकायला आणणार. आमच्या आवारात तिसऱ्या वर्षी एकाच रंगाच्या अशा गाड्यांच्या रांगा लागायच्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पहिला मालक तोरा विकत घेतो. दुसरा मालक गाडी घेतच नाही, धास्ती घेतो. कधी काय बिघडेल आणि मेकॅनिक किती सांगेल. धास्तीला कोण पैसे देणार?

आणि हे सगळं माहीत असून मी घेतली. हसा, हसा. माझ्या मेव्हण्यानं तर फोनवर पाच मिनिटं नुसतं हसून घेतलं. पण मी शहाणपणा केला होता, तीन वर्षं जुनी घेतली, निम्म्यात, आमच्याच आवारातून. मला वाटलं, पडायची ती पडून झाली. आता काय, हळूहळू उतरेल, आपल्याला कळणारही नाही. तसं नसतं, मॅडम. अर्ध्याचंही अर्धं होतं. मग त्याचंही. तळ लागला असं वाटतं ना, त्याच्या खाली आणखी एक मजला असतो.

आमच्या हिच्यासाठी घेतली. म्हणजे तिनं मागितली नव्हती, तिनं कधी काही मागितलं नाही, तोच तर घोळ. आयुष्यभर आमच्याकडे लहान गाडी. ही बाजूच्या सीटवर. एकदा म्हणाली, मी इतकी वर्षं ट्रकची चाकंच बघत आले, ट्रक चालवणाऱ्याचं तोंड कसं असतं ते मला माहीत नाही. सहज म्हणाली. पण ते माझ्या डोक्यात राहिलं. आणि ही गाडी आणली तर म्हणते कशी, आता मी बाजूला बसणार नाही, शिकव. चोपन्न वर्षांची बाई! तिसऱ्या दिवशी खांब. मी खाली आलो, दरवाजा बघितला, आणि तोंडातून काय निघालं? मागचा डावा, पत्रा आत, रंग गेला. मोठ्यानं. सवय. ती सीटवर बसलेली, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून. म्हणाली, निम्मेसाहेब, ड्रायव्हरला लागलंय का तेही लिहा तुमच्या वहीत. – तर असो. शिकली ती. माझ्यापेक्षा बरी चालवायची. सिग्नलला थांबली की शेजारच्या ट्रकवाल्याकडे बघून मान हलवायची, ओळखीचा असल्यासारखी.

बॉनेट उघडू? इंजिन अजून लगेच चालू होतं. दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवतो. हो, माहीत आहे, मलाही माहीत आहे – जागेवर उभी चालवली की धुराची जाळी काजळीनं भरते, इंजिनाचं वाटोळं होतं, मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलंय, असं करू नका, चालवायची तर रस्त्यावर न्या नाहीतर बंद ठेवा. लिहा, जाळी तुंबलेली असण्याची शक्यता. ही मोठी रक्कम कापा. का नेली नाही म्हणता? रस्त्यावर न्यायची म्हणजे... नाही नेली.

नाही, थांबा, ते बटण राहू द्या. ते उंचीचं आहे. तुम्हाला माहीत असणारच, चार चाकांवर चार रबरी फुगे, हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते. या गाड्यांत सगळ्यात आधी मरतं ते हेच. रबराला घड्या पडतात, घडीत चीर पडते, मग सकाळी बघावं तर गाडी रात्रीत एका कोपऱ्यावर कलंडलेली. एक फुगा बदला म्हणजे दुसरा बोंबलतो. आम्ही तर अशी गाडी आवारात आली की आधी खाली वाकून बघायचो. लिहून टाका ना, चालत नाही. खाली बसलेलीच आहे, बघा की, दिसतंय. चारही गेलेले. मी सांगतोय ना मालक.

मेव्हणा म्हणाला होता, याला म्हणतात श्रीमंती थेर. पण नंतर उपयोगी पडलं. हिची कंबर गेली, म्हणजे कंबर नव्हे, हाडात पसरलं होतं ते, पण आम्ही कंबरच म्हणायचो. पाय इतका वर उचलवेना. ज्या उंचीसाठी घेतली तीच आडवी आली. मी एक लाकडी पायरी करून घेतली, ती बघा डिकीत असेल, तीही मोजा हवं तर. पण पायरीवर तोल जायचा. मग हे बटण. दाबलं की गाडी चार बोटं खाली येते. चार बोटं म्हणजे किती? तुम्हाला मला काही नाही. तिला तेवढीच कमी पडत होती. गाडी खाली यायची, एक उसासा टाकल्यासारखा आवाज करायची, आणि ही म्हणायची, ये बाई ये, बस. गाडीला म्हणायची! दर तिसऱ्या मंगळवारी, हॉस्पिटलला जाताना. दीड वर्षं.

शेवटचं नेलं तेव्हा उतरताना म्हणाली, आता अशीच राहू दे, येताना परत कशाला खाली करायची. चार दिवसांचं काम सांगितलं होतं डॉक्टरांनी. तर ही गाडी चाळीसच्या वर गेली की आपोआप उठते. म्हणून मी तिसानं आणली. हॉस्पिटलपासून इथपर्यंत तिसानं. मागचे हॉर्न वाजवतायत, एकानं काच खाली करून शिवी दिली, मी म्हटलं दे बाबा. इथं आणून लावली. तशीच. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला तर शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून नेलं मला. म्हणजे ही काही... ही इथंच होती. चौदा महिने झाले. चौदा महिने फुगे घडी घालून ठेवलेत मी, बत्तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो की गाडी खाली बसवून ठेवू नका, रबर चिरतं. कोणी दुसऱ्यानं केलं असतं तर त्याला मी बिनअकलेचा म्हटलं असतं. तोंडावर.

काय लिहिलंय त्यात? दाखवा. आधीच्या तिघांनी लिहिलंय? मालक सहकार्य करत नाही. हं. बरोबर लिहिलंय. आले होते तिघे. त्यांनाही मी असेच सगळे दोष मोजून दिले, हा खांब, हे टायर, ही जाळी. इतके दिले की त्यांनी आकडा सांगितला तो ऐकून हसू यावं. मग मी म्हटलं, या भावात नाही द्यायची. आणि गेले ते. सोपं आहे. तुम्हीही तसाच सांगा, मी नाही म्हणतो, तुमचं काम झालं, माझं झालं. – हो, माहीत आहे. एकतीस तारखेला ही जागा सोडायचीय. घर विकलंय, त्याबरोबर हे पार्किंगही गेलं. मुलगी घेऊन चाललीय मला तिच्याकडे. रोज फोन करते, बाबा, मिळेल ते घ्या आणि मोकळे व्हा. तिचं बरोबर आहे. तिच्याकडे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, गाडी काय पलंगाखाली ठेवू?

पुढं जात नाही म्हणजे? तपासल्याशिवाय तो रकाना भरताच येत नाही? आमची वही बरी होती, काहीही लिहून घ्यायची. एवढं एक राहिलंय? बाकी सगळं झालं? बरं. मग काय, दाबा. नाही, मी नाही. तुम्ही बसा आत, दाबा तुम्ही. इंजिन सुरू करा आधी. हां. मी इथं उभा राहतो, खांबापाशी. उठणार नाही ती, मी सांगतो. एक कोपरा उठेल फार तर, मग बंद करा लगेच, पंप जळेल –

पंप चालू झाला. आवाज नीट आहे. पुढचा उजवा... पुढचा डावा. हं. मागचे थांबा, मागचे वेळ घेतात. मागचे... उठले. चारही. करा बंद. कुठं गळत नाही? ऐका नीट, टॉर्च टाका खाली. नाही गळत. चौदा महिने घडीत राहून एक चीर नाही. असं मी बघितलं नाही कधी. म्हणजे तुम्ही कापलेले ते पैसे परत लावावे लागतील की हो, किंमत वाढली, चांगलीच वाढली. कशी दिसते बघा. उंच.

आता हिला चढता नाही यायचं.

काय? नाही, तुम्हाला नाही म्हटलं. आकडा नका सांगू मला. जो येतो तो लिहा, मी सही करतो, कुठं करायची, इथं बोटानं? झाली. ही किल्ली. दुसरी वर आहे, तिच्या पर्समध्ये – ती नाही मिळायची, एकच किल्ली लिहा, त्याचे कापून घ्या. पायरी राहू द्या डिकीत. जा आता, मॅडम, न्या. वर रस्त्याला लागेपर्यंत हळू, आणि ते बटण परत दाबू नका. तशीच न्या.