कॅनडाच्या फ्रोझन पाईपलाईनचा सत्कार

...न्हाई, नका ऐकू! जबरदस्ती हाय का काय? पर आधी ऐका आन् मग नावं ठेवा की! तुम्हाला सांगतो, 'फ्रोझन पाईपलाईन' म्हंजी काय आलतूफालतू बँड न्हाई. कॅनडातली चार पोरं, गावचा कारखाना बंद पडला म्हणून पेटलेली, चर्चच्या तळघरात गिटार बडवायची, घरच्या घरी कॅसेटी भरायची, आन् बर्फातनं मोडक्या गाडीत गावोगाव जाऊन मूठभर लोकांपुढं बोंबलायची. गाणं मिनिटभराचं! आपल्याकडं तेवढ्यात 'सन्माननीय व्यासपीठ'बी म्हणून होत न्हाई. तसंच तिकडचं दुसरं बँड, ते 'डेड लायब्ररी कार्ड', ते 'आंटीज स्नोप्लाऊ'... सोनं मातीत पडलंय वो, खुद्द कॅनडात कुत्रं इचारत न्हाई त्यांना! मी म्हंतो, ऐकायला काय जातंय?

पर ऐकतंय कोण! घरात लावलं तर आमची सोनम चुलीपासनं वरडती, "अवो, मिक्सरमधी चमचा पडलाय का बघा!" आबा आमचा, निम्मा जन्म मेंढरामागं गेलेला, त्यो ताडकन उठून काठी हुडकतोय, "मच्छिंद्रा, मेंढरात लांडगा शिरला रं!" कंपनीच्या बसमधी लावलं तर ड्रायव्हर बिहारचा, त्यानं बस बाजूला घेतली, खाली उतरून चाकं बघून आला, "भैया, ये आवाज कहाँ से आ रहा है?" आता काय कपाळ सांगू त्याला? ऐकायला काय जातंय?

हसा, हसा. पर मला हे का आवडतं ते कवा इचारलं कुणी? मी रांजणगावात कंत्राटावर. हौसराव ठेकेदाराचा माणूस. परमनंटचं काढलं की खांद्यावर हात टाकून म्हणणार, "मच्छिंद्र, अरे तू तर घरातला माणूस!" घरातल्या माणसाला पगारी सुट्टी न्हाई, बूट फाटला तर बूट न्हाई, आन् तोंड उघडलं की दुसऱ्या दिशी गेटवर वॉचमन आडवणार. मग म्या काय करायचं? कानात गाणं लावायचं. त्यात त्यो माणूस घसा फोडून म्हणतोय, 'मालका, आमच्या हाडांवर शेकतोस तू!' जे मला मरंस्तवर बोलता यायचं न्हाई, ते कुणीतरी बोलून ठेवलंय... तेवढ्यावर माझी शिफ्ट निघती वो. दुसरं काय हाय माझ्याकडं?

आन् मागल्या महिन्यात काय व्हावं? नवी मशीन बसवायला कॅनडाचा म्हातारा इंजिनेर आला, ग्लेनसाहेब. माझा मोबाईल वाजला, रिंगटोन तीच! म्हातारा पाना हातात धरून जाग्यावर थिजला. म्हणाला, "हा आवाज माझा हाय." साक्षात फ्रोझन पाईपलाईनचा गाणारा! म्हटलं साहेब, घरी चला, भाकरी खावा, आन् आमच्या लोकांपुढं ते एक गाणं म्हणा. माझं कुणी ऐकलं न्हाई, तुमचं तरी ऐकतील!

चूक एकच झाली. सुट्टी मागाय गेलो आन् हौसरावाला खरं कारण सांगितलं. "परदेशी पाव्हना? मग सत्कार नको व्हय!" झालं! चौकात फ्लेक्स. त्याच्यावर हौसराव पायापासनं डोक्यापत्तुर, आन् ग्लेनसाहेब कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. स्टेजवर सरपंचाचा सत्कार, माजी सरपंचाचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार, मंडपवाल्याचा मेव्हणा आला व्हता म्हणून त्याचाबी सत्कार! पाव्हना बिचारा फेटा बांधून, नारळ मांडीवर घेऊन बसलाय. अहो, एक मिनिटाचं गाणं, ऐकायला काय जातंय?

शेवटाला आला एकदाचा माईक त्याच्या हातात. दुसरा माझ्या हातात, भाषांतराला; गाणी ऐकून ऐकून तेवढं इंग्रजी मला कळतं. पहिल्याच खुर्चीत हौसराव. म्हटलं, आता! आता होऊन जाऊ द्या!

तर म्हाताऱ्याचं डोळं भरून आलेलं. म्हणाला, "माझ्या गावानं मला कधी साधी खुर्ची दिली न्हाई, तुम्ही शाल दिली." इथवर ठीक. मग म्हणतोय, "ती गाणी म्हंजी पोरखेळ व्हता. कामगारानं रागावून काय मिळत न्हाई. गुमान काम करावं, असा चांगला बॉस भेटला की आभार मानावं." आन् हात कुणाकडं? हौसरावाकडं! गाणं न्हाई, काय न्हाई. बसला खाली.

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय. मंडपात माझ्याबिगर तेवढं इंग्रजी एकालाबी येत नव्हतं वो! काय वाट्टेल ते सांगता आलं असतं. ते हाडांवर शेकायचं सांगता आलं असतं, त्याच्या नावावर, सगळ्यांदेखत, हौसरावाच्या तोंडावर! जिभेवर आलं व्हतं...

आन् म्या सांगितलं, "पाव्हनं म्हणत्यात, कामगारानं रागावू न्हाई, गुमान काम करावं, आन् आदरणीय हौसरावसाहेबांचं आभार मानावं." टाळ्या काय, शिट्ट्या काय!

तुम्हाला म्हणून सांगतो... ते 'आदरणीय' काय त्यो म्हणाला नव्हता. ते म्या माझ्या पदरचं घातलं.