दुसरा ब्रेक

(रविवारची सकाळ. ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल. एका टोकाला उघडा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आई मटार सोलते आहे. धाकटा नुकताच आला आहे.)

धाकटा: अडवलीस? माझ्या कौतुकाची पोस्ट अडवलीस?

ताई: हो, कळवलंच ना तुला. बूट काढ आधी.

धाकटा: आई, ऐकलंस? सख्खी बहीण! अख्खी टांकसाळ सकाळपासून माझं अभिनंदन करतेय आणि ही दारात उभी राहून तिकिटं तपासतेय.

आई: टांकसाळ म्हणजे तुमचा तो इंटरनेटवरचा कट्टा ना? नाण्यावाला?

धाकटा: कट्टा काय गं, फोरम म्हण.

आई: कट्टाच तो. माणसं येतात, बसतात, भांडतात. आणि तेही कुणी कधी हातात न धरलेल्या नाण्यावरून.

धाकटा: बरं, कट्टा. पण आज संध्याकाळी मी त्या कट्ट्याचा मॉडरेटर होणार. ताई, घुबड आणि तिसरा मी. चार वर्षं लोकांच्या शंका सोडवतोय, आई. शिकवणीला आलेल्यांना गाडी शिकवायची आणि मधल्या वेळात फोनवर डिजिटल नाणं शिकवायचं. स्टेअरिंग सोडलं की टांकसाळ.

आई: घुबड कोण?

ताई: दुसरे मॉडरेटर. आपण झोपतो तेव्हा त्यांच्याकडे दिवस असतो. नाव यानंच ठेवलंय.

धाकटा: त्यांना आवडलं ते. विषय बदलू नकोस. पोस्ट कुणाची आहे?

ताई: छत्रीवाल्या काकांची. कालच सदस्य झाले. नवीन माणसाची पहिली पोस्ट ओसरीत येऊन थांबते, मी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तुला माहीत आहे.

धाकटा: अरे वा, काकांनी लिहिलं? आमच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोर बसतात गं आई, छत्र्या दुरुस्त करतात. वाच, वाच. मोठ्यानं वाच.

ताई: "माझ्यासारख्याला हे पाकीट-बिकीट जमणारं नव्हतं. हा मुलगा घरी आला, फोनमध्ये सगळं बसवून दिलं, वर चहासुद्धा घेतला नाही. माझे बारा शब्दही त्यानंच स्वतःकडे जपून ठेवलेत, त्यामुळे मी निश्चिंत आहे. अशा माणसाला तुम्ही मॉडरेटर करताय हे योग्यच."

आई: किती मनापासून लिहिलंय.

ताई: हो.

आई: मग तुझा चेहरा असा का? रिपोर्ट वाईट आल्यासारखा?

ताई: याला विचार.

धाकटा: ते... तसं नाहीये ते.

ताई: कसं आहे?

आई: बारा शब्द म्हणजे मी कागदावर उतरवलेत तेच ना? कशाचा कशाला मेळ नाही असे?

ताई: तेच. बँकेत सही असते, पासबुक असतं, भांडायला मॅनेजर असतो. इथे फक्त ते बारा शब्द. ज्याला माहीत, पाकीट त्याचं. जगात कुठूनही उघडावं आणि रिकामं करावं. विचारणारं कुणी नाही, तक्रार घेणारंही कुणी नाही. म्हणून टांकसाळीत पहिला नियम तोच आहे: दुसऱ्याचे शब्द बघायचे नाहीत, ठेवायचे तर मुळीच नाहीत.

धाकटा: नियम मला सांगतेस? अगं, पण माणसं बघ ना! काकांनी तो कागद छत्रीच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. उद्या कुणाला तरी ठिगळ लावून दिला असता! शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो. त्याला कळतही नाही. हे तसंच आहे. मी दुसरा ब्रेक आहे.

ताई: लायसन्स मिळाल्यावर पण बसतोस का त्यांच्या शेजारी?

धाकटा: तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

ताई: किती जणांचे आहेत?

धाकटा: काकांचे.

ताई: आणखी?

धाकटा: आठ-नऊ जण असतील.

ताई: आठ की नऊ?

धाकटा: नऊ. आईला धरून.

आई: मला धरून?

धाकटा: आई, तू कागद तांदळाच्या डब्यात ठेवलास! किडे लागले असते.

आई: तू माझ्या डब्यात हात घालून कागद काढलास?

धाकटा: फोटो काढला आणि जिथल्या तिथे ठेवला. वर तांदूळ पण सारखे केले.

आई: तरीच म्हटलं माप आत कसं गेलं.

ताई: फोटो कुठे आहेत?

धाकटा: फोनमध्ये. फोनला लॉक आहे. अगदीच मूर्ख नाही मी.

ताई: दे बघू फोन.

धाकटा: हा तो नव्हे, हा जुना. तो काल दुरुस्तीला टाकला, काच फुटली म्हणून.

ताई: आणि लॉकचा नंबर?

धाकटा: दिला. त्याला टच तपासायला लागतो.

आई: म्हणजे तो दुकानदार आता ते फोटो बघू शकतो?

ताई: बघू शकतो.

धाकटा: ओळखीचा आहे तो! त्याच्या बायकोला मी गाडी शिकवली आहे. रिव्हर्स घ्यायला घाबरायची.

ताई: तो चांगला असेल. तूही चांगलाच आहेस. आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीचं सील तुटलेलं आलं, की नमुना बाद. तोडणारा साधू होता की चोर, हे आम्ही विचारत नाही. नवीन रक्त घ्यायचं. बस.

धाकटा: बरं, ऐक. मी आत्ता जातो. दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असतं. फोन आणतो, फोटो पुसतो. आणि तू ती काकांची पोस्ट काढून टाक. चुकून गेली म्हण. ओसरीतलं तुझ्याशिवाय कुणाला दिसतंय?

आई: तेही खरंच. कुणी वाचलेली नाही अजून.

ताई: मी वाचलीय ना.

धाकटा: तू पहिल्यापासून अशीच! लपाछपीत राज्य आलं की खरोखर डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायची. बाकी सगळी पोरं बोटांच्या फटीतून बघायची.

आई: तू बघायचास ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

धाकटा: तू त्या वेळी का नाही बोललीस मग?

आई: भाजी करपली असती.

ताई: फोन आण तू. पण त्यानं काम संपत नाही. ते फोटो काल दिवसभर दुसऱ्याच्या हातात होते, आणि त्याआधी आणखी कुठे कुठे जाऊन बसले असतील, ते तुलाही सांगता येणार नाही. त्या नऊ जणांचे शब्द बाद झाले. प्रत्येकानं नवीन पाकीट उघडायचं, नवीन शब्द लिहून घ्यायचे, जुन्यातलं सगळं नव्यात हलवायचं. आज. आधी ती माणसं, मग तुझा विचार.

धाकटा: मग टाक फोरमवर सूचना.

ताई: आत्ता नाही. "यांची पाकिटं उघडी आहेत" असं चव्हाट्यावर ओरडायचं का? एकेकाला फोन कर. संध्याकाळी नऊही पाकिटं हलली की मग सगळ्यांसमोर.

धाकटा: काय सांगू त्यांना?

ताई: झालं ते सांग.

धाकटा: ते मला "गुरुजी" म्हणतात गं.

आई: मग गुरुजींसारखा बोल. लाव फोन. आधी छत्रीवाल्यांना लाव, ते माया करणारे दिसतात.

धाकटा: हॅलो, काका? हो, वाचली. फार छान लिहिलंत. काका, एक चूक झाली आहे. नाही, तुमच्याकडून नाही, माझ्याकडून. मी तुमच्या शब्दांचा फोटो ठेवायला नको होता. फोन दुरुस्तीला गेलाय आणि आता ते शब्द... कुलूप बदलावं लागणार, काका. हो. हो, आजच. काही गेलेलं नाही अजून, ते सगळं तुम्हाला दिसतंय ना फोनवर? हां. म्हणजे आहे जागच्या जागी. काय म्हणालात? नाही. नाही काका, नवे शब्द मी नाही ठेवणार. विश्वास आहे हो, कळलं मला. येतो मी दुपारी. पण तुम्ही शब्द लिहाल तेव्हा मी बाहेर बसेन. छत्र्यांपाशी. हो, आज चहा घेईन.

आई: काय म्हणाले?

धाकटा: म्हणाले, नवीन शब्द पण तूच ठेव.

ताई: बघ. ही खरी अडचण.

धाकटा: शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढे कोण? शाळेतल्या बाई. हॅलो, बाई, मी बोलतोय, टांकसाळीतला. तुम्हाला आज घाईनं पाकीट बदलायला हवं... हॅलो? बाई?

आई: कट झाला?

धाकटा: कापला. म्हणाल्या, "घाई करतो तो चोर, हे आमच्या गुरुजींनी शिकवलंय. आवाजाची नक्कल चांगली करता."

आई: अरे देवा! हसू नकोस गं तू.

ताई: हसत नाहीये. कौतुक वाटतंय. शिकवलं आहेस तू चांगलं. त्यांच्या घरी जा.

धाकटा: घरी गेलो तरी दार उघडतील असं वाटत नाही.

ताई: मग दाराबाहेरून सांग. बाकीच्यांना लाव.

धाकटा: लावतो. गॅलरीत जाऊन लावतो, इथे आई चेहरे करते.

आई: मी कुठे काय केलं? मटार सोलतेय.

(धाकटा गॅलरीत जातो.)

आई: ताई, ऐक. तो बाहेर आहे तोवर विचारते. संध्याकाळच्या त्या मॉडरेटरचं काय?

ताई: ते राहिलं.

आई: आणि त्याच्या नावापुढची ती पाटी? "जाणकार"? मला तीनदा दाखवलीय त्यानं.

ताई: तीही जाणार. पुन्हा ओसरीत बसावं लागेल. त्याची प्रत्येक पोस्ट आधी मी वाचणार, मग पुढे.

आई: तुझ्या एकटीच्या हातात आहे का हे?

ताई: नाही. पाटी काढायला दोघांचा होकार लागतो. सकाळीच घुबडांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा भाऊ आहे, तुम्ही ठरवा. मी लिहिलं, भाऊ आहे म्हणूनच तुम्ही ठरवा.

आई: मग?

ताई: होकार आला. वाईट वाटतंय, असंही लिहिलंय.

आई: तुला?

ताई: मला काय विचारतेस. त्याच्या घोषणेचा मजकूर मीच लिहून ठेवला होता काल.

धाकटा: ऐकलं मी. गॅलरीचं दार उघडंच आहे.

ताई: झाले फोन?

धाकटा: झाले. सहा जण बदलतायत आत्ताच, दोघांकडे जायचंय. कुणाचं काही गेलेलं नाही. एकानं पाच मिनिटं झापलं. बरं वाटलं.

ताई: मग आता तुझं.

धाकटा: तू नको लिहूस. पाटी का गेली ते मी लिहितो. सरक जरा, लॅपटॉप दे.

आई: मोठ्यानं वाच. मलाही कळू दे.

धाकटा: "मी नऊ जणांचे बारा शब्द फोटो काढून माझ्या फोनमध्ये ठेवले. तो फोन दुरुस्तीला देताना लॉकचा नंबरही दिला. त्या नऊही जणांनी आज पाकिटं बदलली आहेत. माझा हेतू चांगला होता, पण..."

ताई: हेतूचं काढ.

धाकटा: का? खरं आहे ते.

ताई: खरंच आहे. पण ते वाचून पुढचा माणूस म्हणेल, माझाही हेतू चांगलाच आहे. आणि तोही फोटो काढेल.

धाकटा: ...काढलं. मग शेवट काय करू?

ताई: तुला काय वाटतं?

धाकटा: "तुमचे शब्द जपून ठेवतो असं कुणी प्रेमानं म्हणालं, तरी देऊ नका. मी प्रेमानंच म्हणालो होतो." चालेल?

ताई: राहू दे. चांगलं आहे.

धाकटा: संध्याकाळी हे गेलं, की खाली काकांचीही पोस्ट सोड.

ताई: काकांना विचारून सोडते. पहिली पोस्ट आहे त्यांची.

धाकटा: आणि ओसरीत किती दिवस?

ताई: नियमात नाही. लोकांना वाटेल तेवढे.

धाकटा: म्हणजे मी शंका विचारली तर तू पास करणार?

ताई: शंका चांगली असेल तर.

आई: तुमचं झालं असेल तर माझ्याकडे बघा. नववी मी. माझं कुलूप कोण बदलणार?

ताई: तूच. ये, नवीन पाकीट कुठे उघडायचं ते दाखवते. हे बटण दाबलंस की बारा शब्द येतील. दाबू नकोस अजून! आत जा, दार लाव, मग दाब. कागदावर लिही. दोनदा ताडून बघ.

आई: आणि तुम्ही?

ताई: आम्ही बाहेर.

आई: तू पण? तुझ्यापासून काय लपवायचंय?

ताई: मी पण.

धाकटा: आणि आई, तांदळात नको.

आई: कुठे ते तुला सांगणारच नाही. जा.

धाकटा: लावलं गं तिनं दार. कडी पण लावली.

ताई: छान.

धाकटा: घोषणेत काय लिहिलं होतंस?

ताई: पुसलं.

धाकटा: सांग ना.

ताई: "हा समोरच्याला मूर्ख न ठरवता शिकवतो." एवढंच होतं.

धाकटा: ते पुसायला नको होतंस.

ताई: परत लिहिता येतं.

आई: ताई! सातवा शब्द वाचता येत नाहीये. फार बारीक आहे. ये जरा.

ताई: चष्मा लाव.

आई: लावलाय!

ताई: मग भिंग देते. ड्रॉवरमधलं भिंग दे रे. आई, दार थोडंसं उघड, हात आत घालते. डोळे मिटलेत माझे.

आई: खरंच मिटलेत ना?

धाकटा: दोघांचेही, आई.