तारेवरचा पहिला मान

"आदी सूनबाईला सोडा. दोरी टिकती का न्हाई, त्ये तरी कळंल!"

हे मी ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं, कारण वॉशरूमची भिंत पत्र्याची, आणि आमच्या सासूबाईंचं कुजबुजणं म्हणजे, तुम्हाला सांगते, घरी वराळ्यात कुजबुजल्या तर पार सोमाटण्याच्या चौकातली माणसं मागे वळून बघतात! बरं, त्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण आक्काबाई, काय म्हणाल्या असतील? "बिचारी नवी पोर हाय, तिला भ्या वाटंल"? छे हो! त्या म्हणाल्या, "व्हय, बेस हाय. ती काय, न्हाई म्हनायची न्हाई!"

लग्नाला अजून चार सणही झाले नाहीत, पण हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? आमटी तिखट झालीय का, आधी सूनबाईला चाखू दे. गीझरला शॉक लागतोय का, आधी सूनबाईला आंघोळीला जाऊ दे. ती काय, न्हाई म्हनायची न्हाई! मी कमी बोलते हे खरं. पण कमी बोलणाऱ्या माणसाला काही म्हणायचंच नसतं, हे यांना कुणी सांगितलं?

आणि मुळात मी त्या धरणावरच्या रिसॉर्टला जाणारच नव्हते! मी जाणार होते क्रूझवर! खऱ्या! समुद्रातल्या! साखरपुडा झाल्यावर संदेशनं, म्हणजे आमच्या नवरोबांनी, मला एक लिंक पाठवली होती, 'क्रूझच्या सुट्टीत कराव्यात अशा थरारक झिपलाइन'. कुठे जहाजाच्या डेकवरूनच तार, तुम्ही लोंबकळत चाललाय आणि खाली पोहायच्या तलावाकाठी लोक सरबत पीत पडलेत... कुठे जहाज बेटाला लागतं, आणि तुम्ही जंगलाच्या डोक्यावरून, माकडांना टाटा करत, थेट समुद्राकडे... आणि लिंकखाली त्यानं लिहिलं होतं, 'आपण दोघं'. पुढे बदाम. लाल. आता मला सांगा, मी हुरळले ती काय तारेला? अहो, मला उंचीचं काही नाही आणि जहाजाचंही काही नाही! मला तो 'दोघं' पाहिजे होता. एक दिवस. अर्धा दिवस चालला असता!

पण हा पठ्ठ्या म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

विचारलं. मग आबा, म्हणजे सासरे, म्हणाले, "समुद्र कशाला पायजेल? येवढं पवनेचं धरान पडलंय की!" मग धाकटे दीर पप्पू म्हणाले, "दादा, धरणावर माझ्या मित्राचं रिसॉर्ट हाय. क्रूझ पन हाय, झिपलाइन पन हाय, आन मिसळ अनलिमिटेड!" मिसळ ऐकून आबा पाघळले. सासूबाई म्हणाल्या, "आन येताना कारल्याला एकवीरेची वटी पन भरून व्हईल." आणि आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "जावा जावा. मला कोन इचारतंय!" झालं! त्यांचं नाव सगळ्यात वर!

अशा रीतीनं आमचा हनीमून टेम्पो ट्रॅव्हलरमधून निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी संदेश, सगळ्यात मागे आत्याबाईंशेजारी मी, अंगावर काठपदराची साडी (आत्याबाईंसमोर ड्रेस कसा घालायचा?), आणि मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी. वराळ्यापासून धरणापर्यंत मी माझ्या नवऱ्याचं मागून डोकं बघत होते. चांगलं आहे डोकं. भोवरा आहे. पण लग्न काय भोवऱ्याशी केलंय मी? बोलले का मी काही? नाही. ती काय, न्हाई म्हनायची न्हाई!

आणि ती क्रूझ! निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांवर फळ्या, फळ्यांवर मांडवातल्या खुर्च्या, खुर्च्यांना झालर, आणि वर कापडी फलक, 'रॉयल क्रूझ'. आबा बसल्या बसल्या विचारतात, "ही सुटनार कवा?" तोवर ती एक फेरी मारून परत आली होती! आणि सबंध फेरीभर आत्याबाईंनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की मी बुडाले असते तरी मनगट हिरव्या चुड्यासकट त्यांच्या हातात राहिलं असतं.

मग ती तार. डोंगराच्या सोंडेवर लोखंडी मनोरा, तिथून तार सुटते ती धरणाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला. सासूबाईंनी खाली बघितलं, वर बघितलं, आणि "जरा हात धुवून येते" म्हणून आत्याबाईंना घेऊन त्या पत्र्याच्या भिंतीमागे गेल्या. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मनोऱ्यावरचा हेल्मेटवाला मला बघून म्हणाला, "मॅम, साडी अलाऊड नाही." मला वाटलं, सुटले! पण आत्याबाई पुढे झाल्या. "थांब रं! काष्टा घालून गुडघाभर चिखलात भाताची आवनी केलीय आमी, तुज्या दोरीचं काय घेऊन बसलाय?" आणि भर मनोऱ्यावर, रांगेतल्या लोकांकडे पाठ करून, माझा काष्टा! हेल्मेटवाला नियमांचा फलक दोनदा वाचून आला. काष्ट्याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

"फर्स्ट कोण जाणार?" त्यानं विचारलं.

अरे देवा! असा प्रश्न मावळात विचारतात का? पहिला मान कुणाचा, यावरून आमच्याकडे भावकीतली बोलणी बंद होतात! लग्नात आत्याबाईंना ओवाळायला दुसऱ्या नंबरला बोलावलं, तर सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत त्या आमच्या पंगतीला बसल्या नव्हत्या. तेव्हा पत्र्यामागे कितीही ठरलेलं असो, रीत ती रीत. सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "आक्का, पयला मान तुमचा."

आत्याबाईंनी पाण्याकडे बघितलं. नको म्हणावं तर मान जातो, हो म्हणावं तर जीव! आणि मग त्या बाईनं काय करावं? छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माजा मान मी सूनबाईला दिला!"

आबांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्यांनीही वाजवल्या. "बघा, केवढं मन!" असं कुणीतरी म्हणालं सुद्धा!

तरी संपलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोकळ्या वटीनं कशी धाडू?" निघाली पिशवी! माझ्या पदरात खण, नारळ, तांदूळ... हेल्मेटवाला ओरडला, "मावशी, लूज आयटम नही चलेगा!"

"लूज? देवीचं हाय त्ये!"

शेवटी तडजोड झाली. नारळ आणि खण हेल्मेटवाल्याकडे, तांदूळ माझ्याकडे, आणि हळदकुंकू तारेवरच्या चाकाला. थोडं त्याच्या हेल्मेटलाही. मी संदेशकडे बघितलं. तो खांबाला मिठी मारून उभा होता. म्हणाला, "भीती वाटत असेल तर..." आणि मग आईकडे बघून म्हणाला, "नाही, जा. काही होत नाही."

आणि सोडलं हो मला!

मी ओरडले. मी! एवढ्या मोठ्यानं मी माझाच आवाज कधी ऐकला नव्हता, आणि सांगते, बरा आहे! खाली पाणी, समोर तुंग किल्ला, कानात वारा, आणि पदर सुटून तांदूळ जे उधळले ते थेट खालच्या रॉयल क्रूझवर! खुर्च्यांतली माणसं वर बघतायत, डोक्यावर अक्षता पडतायत, आणि सवयीनं, अहो खरंच, सवयीनं त्यांनी टाळ्या वाजवल्या!

पलीकडे उतरले. हुक काढला. आणि... काहीच नाही! गवत, पाणी, एक टिटवी आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. मी बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी खुर्चीत बसले आणि "सूनबाई, पानी" असं कुणी म्हणालं नाही!

तेवढ्यात उतरवून घेणाऱ्याच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. "सूनबाई! हायेस का गं?" सासूबाई! "दोरी बरी हाय का? आमी समदी येऊ का तिकडं? तू म्हनशील तसं!"

तू म्हणशील तसं! मला? या म्हटलं तर मानाच्या क्रमानं सगळे येणार, आत्याबाई, आबा, पप्पू, मिसळ, आणि ही खुर्ची गेलीच. नका येऊ म्हटलं तर संदेशही यायचा नाही, आणि वराळ्यापर्यंत मी आहे आणि तो भोवरा आहे! मधलं काही नाहीच का हो?

"मॅडम, बटण दाबून बोला," तो म्हणाला. "तिकडे मोठा स्पीकर आहे, सगळ्यांना ऐकू जातं."

सगळ्यांना? जाऊ दे! दाबलं बटण.

"आई, तुम्ही सगळे कार्ल्याला पुढे व्हा, आम्ही दोघं संध्याकाळी एसटीनं येतो. ह्यांना तेवढा हुक लावा. खांब ते आपणहून सोडणार नाहीत... तुम्ही आणि आत्याबाई मिळून ढकला!"