दुसऱ्यांदा बघायचं राहिलं

काकी, आणि विहारात जमलेल्या सगळ्यांनो,

मला वहीत लिहायची सवय आहे, बोलायची नाही. आज या शोकसभेत लिहून आणूनही धीर होईना.

जाधवकाका कारखान्यातून निवृत्त झाले आणि पळसदरीच्या धरणाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी दुर्बीण बसवली. अतिदूरच्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या आकाशगंगेत, एखादा तारा कोसळतो, गॅमा किरणांचा स्फोट होतो. उपग्रहाला तो दिसला की काकांच्या मोबाइलवर खबर यायची. काकी भाकरी वाढतावाढता म्हणायच्या, "आला तुमच्या माहेरचा फोन!" काका अर्ध्या ताटावरून उठायचे, आणि शेजारची मी नोंदींची वही घेऊन त्यांच्यामागे शेडवर जायचे.

स्फोटामागे उरलेला उजेड विझत जातो. म्हणून काकांचा नियम होता, फोटो दोनदा काढायचा. "दोनदा बघायचं गं सुषमा. विझला तर तो स्फोट. तसाच ऱ्हायला तर ती नुसती दीर्घिका हाय."

दोन वर्षांपूर्वी एक ठिपका सापडला. दुसऱ्या फोटोच्या दिवशी काका तापाने पडले होते. मी मोहोपाड्याहून कामावरून दमून आले आणि शेडवर गेलेच नाही. वहीत लिहिलं, 'ठिपका मंदावला.' का लिहिलं? तो मंदावलेला असावा, असं मला फार वाटत होतं. एवढंच कारण आहे, आणि ते पुरत नाही.

मी फोनवर तेच सांगितलं, आणि माझ्या शब्दावर काकांनी त्याच रात्री जगभरच्या निरीक्षकांना अहवाल पाठवला. पुढे मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी कळवलं, ठिपका आहे तसाच आहे. ती दीर्घिकाच होती. काकांनी दुरुस्ती पाठवली, 'दुसरी तपासणी माझ्याकडून राहिली.' माझं नाव कुठेच नाही. मला वाटलं, त्यांना खरं माहीत नाही. आणि मी गप्प राहिले. दोन वर्षं!

काल काकी म्हणाल्या, "शेडची चावी त्या दिवशी आमच्याच खिळ्याला व्हती गं. तू इसरून गेली व्हतीस. यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली."

चावी पर्समध्ये आहे, असंच मी धरून चालले होते. पर्स मी उघडलीच नव्हती.

"मग ते मला बोलले का नाहीत, काकी?"

"म्हनायचे, ती बोलंल आपनहून. वहीवाली हाय ती."

त्यानंतर किती वेळा शेजारी बसून आम्ही चहा प्यायलो. ते वाट बघत होते का? मला कळलं कसं नाही?

उद्या मी माझ्या नावाने दुरुस्ती पाठवणार आहे. पण ज्यांना सांगायचं होतं, ते ऐकायला नाहीत. म्हणून तुमच्यासमोर सांगते. मग आपण दोन मिनिटं शांत उभे राहू.

काका, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं.

जय भीम.